फिडलहेड थेट परतू नका, आधी उकडा
कुरकुरीतपणा टिकावा म्हणून फिडलहेड (नेच्याचे, म्हणजे फर्नचे, वेटोळे घातलेले कोवळे कोंब) धुऊन थेट तव्यावर दोन-तीन मिनिटं परता, असं कुणी सुचवेल. कृपया तसं करू नका. ऑस्ट्रिच फर्न या जातीच्या नेच्याचे कोंब खाण्याजोगे असले तरी कच्चे किंवा अर्धवट शिजलेले पोटात गेले, की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि पश्चिम कॅनडात बरेच जण असेच आजारी पडले होते. नेमका कोणता घटक बाधतो हे अजून सापडलेलं नाही, म्हणून तर जास्तच जपायचं.

आधी वरचा तपकिरी, कागदासारखा पापुद्रा बोटांनी चोळून काढा. वेटोळ्याच्या आत तो अडकून बसतो, तेव्हा पाणी दोन-चारदा बदला. मग उकळत्या पाण्यात १५ मिनिटं, किंवा वाफेवर १० ते १२ मिनिटं. ते पाणी फेकूनच द्यायचं, सूपसाठीसुद्धा ठेवायचं नाही. परतणं यानंतर: लोणी, लसूण, वरून लिंबू.

आणि रानातून स्वतः खुडणार असाल तर देठाच्या आतल्या बाजूला खोलगट खाच आहे ना, देठ गुळगुळीत आहे ना, हे बघाच. देठ लवदार असेल तर तो नेचा वेगळा. ब्रॅकन नेच्यात तर कर्करोगकारक द्रव्य असतं. शंका आली की सोडून द्या.