घरचा गोंडस खाऊ: ताटात परत काय आलं ते खरं सांगा

पुढच्या रविवारी घरी सासूबाईंची पंचाहत्तरी आहे. दुपारच्या जेवणाची काळजी नाही. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी बाहेरून येणार. प्रश्न आहे तो संध्याकाळी ४ ते ७ चा. २२ माणसं, त्यांत ७ पोरं, धाकटं २ वर्षांचं आणि थोरली ११ ची. नणंदेचा फोन आला, "वहिनी, काहीतरी गोंडस कर ना, मोबाइलवर किती असतं!" असं म्हणणारं माणूस स्वतः कधी गाजराचे कान कापत बसत नाही, पण ते असो.

मागच्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला मी काकडीची आगगाडी केली होती. डब्यांत मक्याचे दाणे, गाजराची चाकं, इंजिनाला ढोबळ्या मिरचीचं धुराडं. दीड तास गेला. फोटो सगळ्यांनी काढले. रात्री साडेनऊला गाडी होती तशी फ्रीजमध्ये गेली आणि सोमवारी तिची कोशिंबीर झाली.

म्हणून हा धागा. तुम्ही घरच्या कार्यक्रमाला केलेला छोटा, सोपा, दिसायला छान असा खाऊ सांगा. माझ्याकडे ओव्हन नाही, कुकर आणि कढई आहे. आणि एक अट: ताटात परत काय आलं ते लपवायचं नाही.

डोंबिवली

ससे! मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला मी इडलीचे ससे केले होते. बोराएवढ्या खळग्यांचं छोट्या इडल्यांचं पात्र असतं ना, ते शेजारणीकडून आणलं. सुरीच्या टोकाने इडलीला दोन चिरा, त्यांत गाजराचे कान, आणि डोळ्यांच्या जागी मिरे. ६० ससे, म्हणजे १२० मिरे. ताट इतकं सुरेख दिसत होतं की मीच दोनदा बघून आले.

पहिल्या मुलीने ससा तोंडात टाकला, मिरं दाताखाली आलं आणि तिने जे भोकाड पसरलं! ते बघून बाकीची पोरं ताटाच्या जवळपास फिरकेनात. शेवटी नवरा आणि दीर आतल्या खोलीत बसून सशांचे डोळे उपटत होते. आंधळे ससे मात्र दहा मिनिटांत फस्त.

आता मी डोळ्यांना काळे तीळ लावते, ओल्या बोटाने उचलून. आणि छोट्या इडलीला ५-६ मिनिटं वाफ पुरे. मोठ्या इडलीच्या हिशोबाने ठेवली तर चिवट होते. परत काय आलं? कान. गाजर कोणी खात नाही.

ठाणे

गॅस न पेटवता होणारं: मारी बिस्किटांचा चुरा, कोको, थोडी पिठीसाखर, बेताचं दूध घालून घट्ट गोळा. प्लास्टिकच्या दोन कागदांत धरून पोळीसारखा लाटायचा. वरून लोणी, पिठीसाखर आणि सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस कालवून थापायचं. गुंडाळी करून तासभर फ्रीजरमध्ये, मग काप. आत पांढरा भोवरा दिसतो. ज्यांना सुरळीची वडी जन्मात जमली नाही (मी) त्यांनाही जमतं. परत काही येत नाही. चुरा मात्र वाटीभर जास्त करा, मदतीला आलेली पोरं तो तसाच खातात.

नाशिक

आमच्याकडे भाचीचं बोरन्हाण होतं, रथसप्तमीच्या आदल्या रविवारी. पाटावर बाळ, काळं झबलं, हलव्याचा मुकुट, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, कुरमुरे, गोळ्या. लुटायला पोरं तुटून पडतात ती मजा खरी, पण लुटलेल्यातलं निम्मं जमिनीवर चेंगरतं आणि मग आया हातातून काढून घेतात. म्हणून ठरवलं की लुटीनंतर प्रत्येकाला वेगळी पुडी द्यायची आणि तिच्यात गोटीएवढे कुरमुऱ्याचे लाडू.

प्रमाण सोपं: एक वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप, चार वाट्या कुरमुरे. गूळ वितळून फेसाळला की वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकायचा. त्याची कडक गोळी झाली आणि वाटीवर आपटून टण्ण वाजली की पाक झाला. कुरमुरे आधी भाजून कुरकुरीत करून घ्या, नाहीतर लाडू दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

माझी फजिती पुढे. मोठे लाडू असते तर १५ वळून झालं असतं. गोटीएवढे म्हणजे ७०-८०. विसाव्या लाडवाला कढईतलं सगळं दगड. मी उलथन्याने खणत बसले. सासरे आले, बघितलं, म्हणाले, "कढई परत बारीक गॅसवर ठेव की." ठेवली. दोन मिनिटांत सैल. या माणसाने आयुष्यात चहा केलेला नाही! तेव्हा एका वेळी अर्ध्या वाटीचाच पाक करा, हाताला पाणी लावा आणि वळायला चार जणी बसा.

परत काय आलं: बोरं. लाडू एकही नाही.

कल्याण

रसभंग करते, माफ करा. धाकटं २ वर्षांचं आहे म्हणालात. बोरं, अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न त्याच्या ताटात नकोत. लहान मुलांच्या घशात अडकतात. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार फोडी करा. आणि टूथपिक टोचलेले पदार्थ ठेवलेत तर टूथपिक मोजून ठेवा, मोजून परत घ्या. आमची एक सोफ्याच्या फटीत होती. ती कोणी शोधून काढली आणि कशी, ते सांगत नाही.

कोल्हापूर

मी ७१ वर्षांची. टाइप नात करते आहे, चुका तिच्या.

तुम्ही ज्याला गोंडस म्हणता ते आम्ही लग्नघरात महिनाभर आधी करत होतो. वळवट म्हणायचं त्याला. रवा दुधात किंवा पाण्यात घट्ट भिजवायचा, चांगला मळून मुरवायचा, आणि मग बायका घोळका करून बसायच्या. गव्हाच्या दाण्याएवढे ते गव्हले. बोटावर वळलेले बोटवे. नखाने दाबून वाटीसारखे केले की नखुले. बारीक वळ्यांच्या मालत्या. सावलीत वाळवून डबे भरायचे, खीर करायची. कुणाचे गव्हले बारीक, त्यावरून सून पारखायचे. माझे जाड व्हायचे. तरी लग्न झालं.

गेल्या मे महिन्यात चारही नातवंडं इथे होती. उन्हात बाहेर सोडवत नव्हतं, म्हणून परातीभोवती बसवलं. मोठ्याने पहिला नखुला केला आणि ओरडला, "आजी, हा तर पास्ता आहे!" मी कधी पास्ता खाल्ला नव्हता. सुनेने पाकीट आणून दाखवलं. खरंच की हो, तसाच! मग निम्म्या नखुल्यांची रीतसर खीर केली, तुपात भाजून, दूध, साखर, वेलदोडा. उरलेले पोरांनी आईकडून टोमॅटो-लसूण घालून करून घेतले. वाळवले नव्हते, त्यामुळे लवकर शिजले. जरा गिचका झाला. खाल्ला मात्र.

शेवटच्या दिवशी सगळे जमले तेव्हा वाटीवाटीने खीर वाढली. प्रत्येक पोर आपापला नखुला शोधत होतं. "हा माझा, याला मी कान केला होता." परत काय आलं विचारता? माझी वाटी. साखर चालत नाही मला. ती नातीने संपवली. (हो, संपवली. – नात)

पुणे

आमच्या सोसायटीत अजून भोंडला होतो. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. गोड का तिखट, ओली का सुकी, विचारून विचारून जीव खातात. हल्ली सगळ्यांना सगळं ओळखता येतं. म्हणून गेल्या वर्षी मी केकचं खोकं नेलं.

सगळ्या एका सुरात, "केक!" मी म्हटलं, चूक. उघडून दाखवलं तर केकच. गोल, पांढरा शुभ्र, वर लाल दाणे. सुरी फिरवली आणि आतून हिरवा थर निघाला. रव्याचा ढोकळा होता तो. कुकरच्या दोन डब्यांत दोन गोल ढोकळे वाफवले, पूर्ण गार केले, मध्ये कोथिंबीर-पुदिन्याची घट्ट चटणी. बाहेरून रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, मीठ घालून फेटलेला. वर डाळिंबाचे दाणे. एका काकूंनी गोड समजून मोठा घास घेतला, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

ढोकळा गरम असताना चक्का लावू नका. पहिला मी तसा केला होता. चक्का घसरत घसरत ताटलीत उतरला, शेवटी आम्ही तो घरी दहीवड्यासारखा खाल्ला. परत काय आलं: बायकांच्या ताटल्या चाटूनपुसून, पोरांच्या ताटलीत हिरवा थर, सुबकपणे सोलून बाजूला काढलेला.

मडगाव

आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, आणि नाताळच्या आधी एका संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे कुलकुल करायला बसतो. मैदा, रवा, अंडं, साखर, नारळाचा रस असं पीठ. लिंबोळीएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर दाबत पसरायची आणि गुंडाळत सोडायची. वर रेघा उमटतात, आकार शिंपल्याचा. काही घरांत नवी कोरी फणी वापरतात. मंद आचेवर तळायचे. त्यांना किड्यो असंही म्हणतात, म्हणजे किडे, हे पोरांना कळलं की झालं. "मी पाच किडे खाल्ले, तू?" हाच संध्याकाळभर खेळ. बोटं भाजण्याचं काम मोठ्यांकडे, काटे पोरांकडे. डबाबंद महिनाभर टिकतात म्हणे. आमच्याकडे ते कधी सिद्ध झालं नाही.

न्यू जर्सी

इथे गणपतीला एकेका घरी ४० माणसं होतात, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. मी छोटे वडापाव नेते. दुकानात गोडसर छोट्या पावांची लादी मिळते, त्यात लिंबाएवढा वडा नेमका बसतो. शेंगदाण्याची चटणी नेत नाही. दोन मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. खोबरं-लसूण-तिखट एवढीच चटणी, आणि डब्यावर चिठ्ठी. वडे घरून तळून नेले की गाडीत मऊ पडतात, म्हणून आता मी त्यांच्या घरी जाऊन ओव्हनमध्ये दहा मिनिटं गरम करते. ज्या मुलांना मराठी येत नाही तीसुद्धा "अजून" एवढं मराठी नीट बोलतात. परत काय आलं: तळलेल्या मिरच्या. त्या मी आणि यजमान, उभ्याउभ्याच.

नागपूर

मी काहीच केलं नाही आणि माझाच बेत सर्वांत चालला. लग्नाच्या वाढदिवसाला ११ पोट्टे घरात. मी स्टुलावर फळी टाकून भेळेचं दुकान मांडलं. वाट्यांत कुरमुरे, शेव, फरसाण, उकडलेला बटाटा, कांदा, टोमॅटो, दोन चटण्या. पुतणी दुकानदार, भाचा गल्ल्यावर, व्यापाराच्या खेळातल्या खोट्या नोटा. वहीच्या कोऱ्या पानांचे शंकू करून ठेवले होते (छापील रद्दीत नको, शाई लागते). पहिल्या दहा मिनिटांत भाव ५ वरून ५०० वर गेला. उधारी सुरू झाली. माझ्या वडिलांना दुकानदाराने "सुट्टे नाहीत" म्हणून परत पाठवलं. मी फक्त कांदा चिरला.

परत काय आलं: अर्धा डबा कुरमुरे. शेव सगळी दुकानदाराच्या पोटात.

धागाकर्ती, सोमवारी

झाला कार्यक्रम. तुमचं वाचून बेत बदलला. भेळेचं दुकान लावलं, मारीची गुंडाळी केली (चुरा जास्त घेतला होता, तरी पुरला नाही), आणि ससे केले नाहीत.

औक्षणाला ७५ दिवे लागतात, ते मी पणत्यांचे करणार होते. कोल्हापूरच्या आजींचं वाचलं आणि वाटलं, दिव्याच्या अवसेला करतो तसे कणकेचे गोड दिवे करावेत, पोरांनाच बसवावं. कणीक गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवली, थोडं मोहन, वेलची. शनिवारी रात्री सातही पोरं परातीभोवती. दिव्यांत एक होडी होती, एक डायनोसोर, एक नुसताच गोळा. इडलीपात्रात तेल लावून चार घाणे, प्रत्येकी १५ मिनिटं. तेलाऐवजी तुपाच्या फुलवाती लावल्या, म्हणजे नंतर खाता येतात.

रविवारी संध्याकाळी वाती लावायला बसले तर दिवे ७४. ताटं, परात, ओटा, फ्रीज सगळं पाहिलं. मग धाकट्याचा सदरा दिसला, पुढून सगळा गुळाने चिकट.

सासूबाईंना सांगितलं, आई, एक कमी आहे, पटकन पणती लावते. त्या पाटावर बसल्याबसल्या म्हणाल्या, "राहू दे गं. एक वर्ष त्याने खाल्लं ना, मग मी चौऱ्याहत्तरचीच."