नाताळचा आठवडा: रजा, खानावळ, पाहुणे आणि उसाची तोड एकदमच. कसं लावायचं?

शिरोली_शिफ्ट

मंडळी, डिसेंबर 2026 च्या शेवटच्या आठवड्याचं गणित बसेना झालंय. परिस्थिती अशी:

मी कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीत फायनल इन्स्पेक्शनला. रविवार सुट्टी. शिल्लक 6 पीएल (आधी अर्ज करून घ्यायची हक्काची रजा) आणि 2 सीएल (किरकोळ रजा). बायकोची घरगुती खानावळ, रोज 40 डबे, त्यातले 15 विद्यार्थ्यांचे. ते सुट्टीत गावी जातात. पण नेमकं त्याच दिवसांत अंबाबाईला येणाऱ्या पर्यटकांकडून तांबडा-पांढऱ्या रश्श्याच्या पार्सलची विचारणा सुरू होते. एका लॉजवाल्यानं 25 ते 30 ताटं रोज घेतो म्हणून सांगितलंय.

थोरली सातवीत, इंग्रजी माध्यम, तिला 24 पासून 1 तारखेपर्यंत सुट्टी. धाकटा साडेचार वर्षांचा, बालवाडीला फक्त 25 ला सुट्टी. पुण्याची बहीण, भावोजी आणि दोन पोरं 24 ला रात्री येणार, 27 ला दुपारी जाणार.

त्यात कागल तालुक्यात आईच्या नावावर 30 गुंठे ऊस, 86032 जातीचा, गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली आडसाली लागण. चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा साखर कारखान्याचा माणूस) म्हणतो डिसेंबरअखेर तोड. आई एकटी असते तिकडं.

प्रश्न तीन. रजा सलग टाकू का तुकड्यानं? लॉजची ऑर्डर घ्यावी का? आणि तोडीला मी हजर असणं खरंच गरजेचं आहे का, की आईनं फोनवर सांगितलं तरी भागेल?

टाइम_ऑफिस

सलग टाकू नका. जिथं तुमच्या जागी दुसरं कुणी उभं राहू शकत नाही तिथंच रजा खर्च करायची, हा एकच हिशेब ठेवा. पाहुण्यांना जेवायला वाढायला चार हात आहेत. तोडीला तुम्ही एकटे.

आता प्रकार बघा. पीएलचा अर्ज किमान 15 दिवस आधी द्यायची पद्धत बहुतेक कारखान्यांत आहे, म्हणजे 25 साठी 10 तारखेच्या आत कागद गेला पाहिजे. सीएल आदल्या दिवशी किंवा फोनवरही मिळते. ऊसतोडीची टोळी काही 15 दिवस आधी कळवत नाही. त्यामुळं पाहुण्यांसाठी पीएल, तोडीसाठी सीएल. उलटं केलंत तर 29 ला टोळी आल्यावर हातात फक्त पीएल उरेल, आणि ती ऐनवेळी पास होईलच असं नाही.

सीएल 31 डिसेंबरला लॅप्स होतात म्हणून माणसं 20 तारखेलाच उडवून टाकतात. ती घाई करू नका. 28 पर्यंत टोळीचा पत्ता नसेल तर 29 आणि 30 ला सीएल घरच्या कामाला वापरा. तोड जानेवारीवर गेली तर 1 तारखेला नव्या वर्षाच्या सीएल जमा होतात. काही ठिकाणी त्या तिमाहीनं पडतात, तरी सुरुवातीला थोड्या तरी मिळतात. म्हणजे तुमचा एकही दिवस वाया जात नाही.

पीएल 25 (शुक्रवार) आणि 26 (शनिवार) अशी दोन टाका. रविवार आपोआप धरून तीन दिवस होतात. 28 च्या सोमवारी मात्र कामावर हजर व्हा. रविवारच्या दोन्ही बाजूंना रजा पडली की बऱ्याच कंपन्या मधला रविवारही रजेत धरतात. स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कंपनीच्या लेखी नियमांत) काय लिहिलंय ते एचआरला विचारून घ्या, आणि सीएल पीएलला जोडून चालते का तेही. बहुतेक ठिकाणी चालत नाही. अर्जाआधी 25 तारीख बोर्डावरच्या सुट्ट्यांत आहे का बघा. असेल तर एक पीएल वाचली. उरलेल्या पीएलची चिंता नको, ती पुढच्या वर्षात ओढली जाते, साधारण 30 दिवसांपर्यंत.

अजून एक. डिस्पॅचच्या माणसाला आत्ताच विचारा की मोठ्या गिऱ्हाइकांचा प्लांट शटडाऊन कधी आहे. शेवटच्या आठवड्यात त्यांचा प्लांट बंद असेल तर तुमच्याकडं माल तपासायचा ताण 23-24 ला येतो आणि नंतर ओसरतो, मग रजेला कुणी नाही म्हणत नाही. बंद नसेल तर 29 ते 31 ला तुम्हाला सोडणार नाहीत. तेव्हाच्या सीएलचं साहेबांच्या कानावर आधीच घालून ठेवा, तोंडी का होईना.

भाकरी_पार्सल

दादा, ऑर्डर घ्या, पण वहिनींना विचारून, आणि लॉजवाला म्हणेल त्या दिवशी नाही.

आधी तारखा. यंदा मार्गशीर्षातले गुरुवार 24 आणि 31 ला पडतात. 23 ला दत्त जयंती. म्हणजे 23 आणि 24 ला गावातलं गिऱ्हाईक मटणाचं नाव काढणार नाही, आणि वहिनींकडं घट मांडत असतील तर 24 आणि 31 ची संध्याकाळ पूजा-नैवेद्यात जाते. बाहेरचे पर्यटक खातात, पण तुमच्याच घरात त्या दिवशी मटण शिजणार आहे का ते आधी ठरवा. 25 ते 27 घरात चार पाहुणे. उरले 28, 29, 30 आणि 1 ते 3 जानेवारी. तेवढेच द्या. "रोज" हा शब्द लॉजवाल्याला देऊ नका. तारखा लिहून द्या, निम्मी रक्कम आगाऊ घ्या, आणि ताटांचा नक्की आकडा आदल्या रात्री 8 पर्यंत. 8 नंतर वाढीव ताट नाही.

25 ताटांचा अंदाज: हाडासकट मटण 5 किलो (माणशी 200 ग्रॅम). रस्सा दोन्ही मिळून 10 लिटर, कारण कोल्हापुरात रस्सा पुन्हा मागितला जातो आणि पर्यटक तर तेवढ्यासाठीच येतात. पांढऱ्याचे 5 लिटर करायला 3 लिटर अळणी (मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी), मोठे 4 नारळ, काजू 100 ग्रॅम, खसखस 50, पांढरे तीळ 50. तांबड्याला कांदा 1 किलो, सुकं खोबरं 200 ग्रॅम, कांदा-लसूण चटणी 150 ग्रॅमपासून सुरुवात, मग चवीनं. उन्हाळ्यात केलेली वर्षाची चटणी आता बरणीत किती उरली ते बघा. या ऑर्डरी पुरवल्या तर एक किलोच्या आसपास जाईल. घरातली संपली तर मे महिन्यापर्यंत काय करणार? आत्ता मिरची वाळवायला ऊन पुरत नाही. विकतची आणली तर दोन्ही मिसळू नका, चव रोज बदलते आणि लॉजवाला बोलतो.

बिघडतं कुठं ते सांगते. पांढरा रस्सा फुटतो, कारण नारळाचं दूध घातल्यावर गॅस मोठा राहतो. अळणी उकळून गॅस बारीक करायचा, वाटण घालून पाच मिनिटं, मग दूध, आणि पळी एकाच दिशेनं फिरवत ठेवायची. कडेला पहिला बुडबुडा आला की बंद. झाकण नाही, परत उकळी नाही. मीठ शेवटी. मटण शिजवताना हळद घालायची सवय असते. पांढऱ्यासाठीची अळणी हळद घालण्याआधीच काढून ठेवा, नाहीतर रस्सा पिवळा होतो आणि तो झाकायला काजू वाढवले की घट्ट होऊन खीर होते.

पार्सलला दूध घातलेला रस्सा सकाळी करून ठेवायचा नाही. अळणी तयार ठेवा, डबा निघायच्या अर्धा तास आधी दूध. थंडी असली तरी तीन-चार तासांत संपला पाहिजे, आणि गरम रस्सा घट्ट झाकणात कोंडला तर त्याआधीच आंबतो. लॉजवर पुन्हा गरम करतात तिथं फुटतो, म्हणून त्यांच्या माणसाला सांगून ठेवा: तांबडा उकळा, पांढरा नुसता कोमट करा.

पण दादा, खरी अडचण मटण नाही, भाकरी आहे. 25 ताटांना 50 भाकरी. एक किलो पिठात 10 ते 12, म्हणजे पीठ सव्वाचार ते पाच किलो. एका चुलीवर एका बाईच्या तासाला 20 ते 25 होतात. म्हणजे दोन-अडीच तास फक्त भाकरी, आणि त्याच वेळी तुमचे रोजचे 25 डबे. इथंच सगळं कोसळतं. भाकऱ्या करून देणारी एखादी मावशी सकाळी 9 ते 12 साठी आत्ताच ठरवा. नाताळात त्यांनाही मागणी असते. मिळाली नाही तर चपाती आणि भात द्या, भाकरीचं कबूलच करू नका.

सिलिंडर 19 किलोचा व्यावसायिक घ्या. घरगुती लाल टाकी धंद्याला चालत नाही, आणि मोठ्या शेगडीवर ती आठवड्याच्या आत संपते. मटण आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. रविवारी, 27 आणि 3 ला, दुकानापुढं रांग असते. तुमच्या हातात 3 जानेवारीची ऑर्डर आहे, तेव्हा साडेसहाला दुकानात.

रोजच्या डब्यांचं: 25 ते 27 बंद ठेवा आणि 15 तारखेच्या आत गिऱ्हाइकांना चिठ्ठी द्या. खाड्याचे पैसे परत करण्यापेक्षा महिना तीन दिवसांनी पुढं ढकला. कुणी तक्रार करत नाही, हिशेबही सोपा.

पाचट_जाळू_नका

भावा, तोडीला हजर राहायलाच लागतंय. पण दोन्ही दिवस पूर्ण वेळ नाही.

लागण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली म्हणजे डिसेंबरअखेर साडेसोळा-सतरा महिने भरतात, ऊस पक्व आहे. कारखाना लागणीच्या तारखेच्या क्रमानं तोड देतो. तेव्हा शेती ऑफिसात नोंदीची तारीख बरोबर पडलीय का, आईचंच नाव आहे का, हे आत्ताच बघून ये. नोंद चुकली तर चिटबॉयच्या "डिसेंबरअखेर"ला काही अर्थ नाही.

30 गुंठ्यांत 35 ते 40 टन धर. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला दीड-दोन टन तोडतो. दहा कोयत्यांची टोळी असली तर दोन दिवस, आणि ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट दोन-तीन खेपा. तू पहिल्या दिवशी सकाळी 7 ला बांधावर पाहिजेस. पहिल्या चार सरींत तोड जमिनीला लागून होते का ते बघायचं. सगळ्यात जास्त साखर बुडख्यात असते. दोन बोटं वर तोडला तर वजनही जातं आणि खोडव्याचे (त्याच बुडख्यातून येणाऱ्या पुढच्या पिकाचे) फुटवे वरून येऊन कमजोर होतात. ही गोष्ट फोनवर सांगून होत नाही, आणि तोडून झाल्यावर सांगून उपयोग नाही. मग जायचंस ते शेवटच्या खेपेला. कडेच्या सरी, बांधालगतचा आडवा झालेला ऊस टोळी सोडून जाते. दुपारपर्यंत थांबून तो भरून घे.

पाणी तोडीच्या आधी 15 दिवस बंद. काळ्या रानात ओल राहिली की भरलेली ट्रॉली रुतते, दुसरा ट्रॅक्टर लावून ओढायला पैसे जातात, आणि सऱ्या मोडतात ते वेगळंच. तोडलेला ऊस 24 तासांत कारखान्याच्या गव्हाणीत पडला पाहिजे, त्यानंतर वजन आणि उतारा (साखरेचं प्रमाण) दोन्ही घसरतं. म्हणून वाहन दारात आल्याशिवाय कोयता लावू देऊ नकोस. 31 ला रात्री ड्रायव्हर मिळत नाहीत, त्यामुळं 30 ला दुपारनंतर नवी तोड सुरू करायला सरळ नाही म्हण.

खुशालीचा (टोळीला वरून द्यायच्या पैशांचा) विषय टोळीच्या मुकादमाशी आधी बोल, आईवर सोपवू नकोस. एकटी म्हातारी बघून आकडा वाढतो. वाढी (उसाचे हिरवे शेंडे) जनावराला किती ठेवायची तेही तेव्हाच. प्रत्येक खेपेची वजनपावती ड्रायव्हरकडून घे, फोटो नको, कागद. बिल 14 दिवसांत मिळायला पाहिजे असा कायदा आहे, तेव्हा पावतीवरची तारीख महत्त्वाची.

तोड झाल्यावर पाचट पेटवायचं नाही. आठ दिवसांत बुडखे छाटून पाचट सरीत दाबून पाणी. त्याला तू लागत नाहीस, गावातले दोन गडी बास.

शिरोली_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. भाकरीचा हिशेब आम्ही धरलाच नव्हता, बायको म्हणाली हाच मुद्दा मी महिनाभर सांगतेय. लॉजवाल्याला तारखा लिहून देतो. पोरांचं काय? 28 ते 30 सकाळी बायको स्वयंपाकघरात अडकणार, मी कामावर.

भाकरी_पार्सल

28 ते 30 धाकट्याची बालवाडी चालू आहे ना? मग अडचण फक्त तो सुटून आल्यावरची, 11 ते 1 ची. नेमकी तेव्हाच गरम पातेली आणि डबे भरायची घाई असते. मोठं पातेलं जमिनीवरच्या शेगडीवर असेल तर त्या दोन तासांत पोरगं स्वयंपाकघरात नको. दाराला आडवी फळी लावा, नुसतं ओरडून भागत नाही. शेजारी किंवा आत्याच्या घरी त्या वेळेला सोडायचं, त्या बदल्यात त्यांना संध्याकाळी पार्सल. थोरलीला डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवणं, झाकणं मोजणं, लॉजचा आकडा वहीत लिहिणं एवढंच द्या. गरम रस्सा भरायला देऊ नका, आणि डबा पोचवायला तर नाहीच. त्या आठवड्यात देवळाजवळच्या महाद्वार रोडला चालायला जागा नसते. पार्सल साडेअकराला घरातून निघालं पाहिजे, बारानंतर बिंदू चौकाकडून गाडी आत जात नाही असंच धरून चला.

आणि आईला 24 ला पाहुण्यांसोबतच कोल्हापुरात आणू नका. टोळीचा निरोप गावात येतो.

टाइम_ऑफिस

बहीण रेल्वेनं येणार असेल तर कोयना एक्स्प्रेसचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 24 डिसेंबरचं 25 ऑक्टोबरलाच उघडलंय. गाडीनं येणार असतील तर 24 ला संध्याकाळी पुण्यातून निघू नका म्हणावं, खंबाटकीत अडकतील. दुपारी 2 च्या आत निघाले तर जेवायला घरी.

पाचट_जाळू_नका

28 ला सकाळी चिटबॉयला फोन कर. त्याच्या उत्तरावर तुझ्या सीएल ठरतील.