डोंगरची करवंदं वर्षभर टिकवायची कशी? (जमलं तर रातांब्यांचंही सांगा)

रानवेडी
नमस्कार मंडळी. आमचं गाव भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या अलीकडे. घरामागच्या आमच्याच माळावर करवंदीच्या इतक्या जाळ्या आहेत की मे महिन्यात पाटीच्या पाटी निघते, आणि पोरं कोंबडा की कोंबडी खेळत कितीही खाऊ देत तरी उरतातच. आजी होती तोवर कच्च्याचं लोणचं आणि पिकल्याचा मुरंबा दोन्ही घरात असायचं, पण तिने काही लिहून ठेवलं नाही आणि आईला फक्त लोणचं येतं. मला पिकल्या करवंदांचं असं काहीतरी करायचंय जे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल, आणि शक्यतो चव डोंगरातल्यासारखी राहील, नुसता साखरेचा पाक नको. चीक कसा काढायचा, बिया कशा काढायच्या, फ्रीजशिवाय काय टिकतं, सगळं सांगा. यंदा मावशीकडून कोकणातले रातांबेही (कोकमाची फळं) येणारेत, त्यांचंही सांगितलंत तर फार बरं होईल.

कुडाळची_माई
बाळा, आधी लोणच्याचं बोलते कारण वेळ चुकली की ते गेलं. लोणच्याला करवंद हिरवं, कडक आणि आत बी कोवळी असतानाच पाहिजे, म्हणजे एप्रिलात. बी टणक झाली की दाताखाली येते. हाताला तेल लावून दोन फाका कर आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाक म्हणजे चीक तिथेच सुटतो, मग दोन पाणी धुऊन कापडावर कोरडी होऊ दे. किलोला दीडशे ग्रॅम मीठ आणि हळद लावून रात्रभर ठेव, सकाळी सुटलेलं पाणी टाकू नकोस, त्यातच मसाला कालव. वरून तेल बोटभर उभं राहिलं पाहिजे, तेल खाली गेलं की बुरशी आलीच समज.

आता रातांबे. यांची खरी शर्यत पावसाशी असते. वळीव पडायच्या आत झाडावरून उतरवलेले पाहिजेत, पाऊस लागला की सालं वाळत नाहीत आणि किडा पडतो. आमसुलं करायची तर फोडून सालं वेगळी, आतला गर बियांसकट वेगळा. गरात मीठ घालून रस सोडवायचा, सालं उन्हात वाळवायची आणि रोज त्या रसात बुडवून पुन्हा वाळत घालायची. असे चार-पाच पुट दिले की काळीशार, मऊ आमसुलं होतात. विकतची पुष्कळदा एकदोन पुटांचीच असतात, आमटीत टाकली की फिकी लागतात, म्हणून घरचीच करावीत. उरलेला खारट रस गाळून बाटलीत भरला की आगळ, सोलकढीला तोच. आणि गोड हवं असेल तर सालांच्या वजनाच्या दुप्पट साखर, सालं आणि साखर थरावर थर देऊन काचेच्या बरणीत भर, तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेव आणि रोज एकदा हलव. अमृत कोकम तयार. साखर कमी करायचा मोह धरू नकोस. बिया फेकू नकोस हां, त्यांचं तेल निघतं, थंडीत टाचांच्या भेगांना त्यासारखं औषध नाही.

बरणीतला_मेवा
माईंचं सगळं बरोबर आहे, मी पिकल्या करवंदांचं सांगतो कारण फळप्रक्रिया हेच माझं काम आहे. माझ्या मते जॅम बिघडतो किंवा जमतो तो गॅसवर नाही, जाळीपाशीच. जॅम घट्ट करणारं पेक्टिन पूर्ण काळ्या फळात कमी होत जातं आणि अर्धवट पिकलेल्या लालसर फळात भरपूर असतं, आंबटपणाही त्यातच जास्त. त्यामुळे तोडतानाच तीन भाग काळी आणि एक भाग लाल अशी घ्या, मग बाजारचं पेक्टिन लागत नाही आणि तुम्हाला हवी ती डोंगरी चवही त्या लाल फळांमुळेच येते. नुसती काळी घेतली की लोक जॅम सैल झाला म्हणून आटवत बसतात आणि शेवटी चव करपते.

करवंदं प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, तळची चेंबतात आणि उन्हात त्याच दिवशी आंबायला लागतात. टोपलीत आणायची आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी करायचीच. मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवलं की चीक आणि मुंग्या दोन्ही सुटतात. मग स्टीलच्या पातेल्यात अगदी थोडं पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवायची आणि पुरणयंत्रातून काढायची, बिया आणि जाड साल वर राहतं. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ अजिबात वापरू नका, फळ फार आंबट आहे. गर मोजून तेवढ्याच वजनाची साखर, मोठ्या आचेवर, सतत हलवत. थर्मामीटर असेल तर तुमच्या गावात पाणी जेवढ्यावर उकळतं त्याच्या ४ ते ५ अंश वर गेलं की बंद, म्हणजे समुद्रसपाटीला साधारण १०५ अंश. नसेल तर फ्रीजरमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकला, सुरकुती पडली की झालं. बाटल्या उकळून, पूर्ण कोरड्या करून, जॅम गरम असतानाच काठोकाठ भरायचा. साखर आणि आंबटपणा दोन्ही पुरेसे असले की बंद बाटली फ्रीजशिवाय वर्ष काढते, उघडल्यावर मात्र फ्रीजमध्येच.

सरबताचा अर्क वेगळा विषय आहे. त्यात साखर जॅमइतकी नसते आणि उन्हात ठेवल्याने यीस्ट मरत नाही, म्हणून एकतर फ्रीजर किंवा मग सोडियम बेंझोएट हे टिकवण्याचं रसायन. तेही लिटरला ०.७ ग्रॅम, त्याच्या वर नाही, आणि अंदाजे चिमटीने नाही, छोट्या वजनकाट्यावर मोजूनच. करवंद-जांभळासारख्या रंगीत फळांना केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, तेही टिकवण्याचंच रसायन) वापरू नका, त्याने तो सुंदर रंग उडतो, ते लिंबू-आवळ्याला.

डोंगरयात्री_मावळ
रानवेडीताई, तुमची जाळी स्वतःच्या माळावर आहे म्हणून प्रश्न नाही, पण हे वाचून शहरातून बरेच जण पिशव्या घेऊन डोंगरावर जातील म्हणून लिहितोय. भीमाशंकरसारख्या अभयारण्यातून काही तोडायला वन्यजीव कायदा १९७२ प्रमाणे मनाई आहे. आणि इतर जंगलातला रानमेवा गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथेच पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आदिवासी आणि इतर वननिवासी लोकांना दिलाय. घाटरस्त्याला पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या ठाकर, कातकरी बायकांचे ते ऐन उन्हाळ्यातले पैसे असतात, जेव्हा शेतात दुसरं काम नसतं. जॅम करायला पाच किलो हवीत ना, मग त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका, भर उन्हात काट्यातून एकेक फळ वेचणं काय असतं ते एकदा करून बघा म्हणजे कळेल. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर लाल-काळी वेगवेगळी आणून देतात, वरच्या दादांनी सांगितलेलं प्रमाणही जमतं.

स्वतः तोडणार असाल तर आधी काठीने जाळी झोडपायची, फुरसं हा विषारी साप सावलीला तिथेच बसतो. बूट घालून जा. आणि करवंदीच्या जाळीत घाणेरी (लँटाना) हे झुडूप सर्रास घुसलेलं असतं, तिच्या हिरव्या फळांनी पोटात विषबाधा होते, त्यामुळे पोरांना ओळख पटवून द्या. करवंद तोडलं की देठाशी पांढरा चीक येतो, घाणेरीला येत नाही आणि तिची फळं घोसात, बारीक असतात. जाळी अख्खी ओरबाडू नका, आतली आणि वरची राहू द्या, बुलबुल आणि कोल्हे त्यावरच असतात.

रानवेडी
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! माई, आमसुलांचे पुट मावशीला लगेच फोन करून सांगितले, ती म्हणे आमच्याकडेही असंच. लाल करवंदांचं आजी करायची हे आत्ता आठवलं, ती मुद्दाम "तांबडी पण आणा" म्हणायची आणि आम्हाला वाटायचं पाटी भरायला सांगतेय. एकच विचारायचंय, पुरणयंत्रातून निघालेल्या बियांचं काय करू? माळाच्या एका बाजूला कुंपण नाहीये, तिथे टाकल्या तर उगवतील का?

बरणीतला_मेवा
शिजवलेल्या नाही उगवणार, त्या खतात टाका. कुंपणासाठी पिकलेली थोडी करवंदं न शिजवता बाजूला काढा, चोळून बिया धुवा आणि सावलीत सुकवून लगेच पेरा, साठवून ठेवल्या तर उगवण पटकन कमी होते. पावसाच्या तोंडावर पिशव्यांत रोपं करा आणि पुढच्या पावसाळ्यात हातभर अंतरावर लावा. एकदा वाढली की गुरं आत शिरत नाहीत. मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड नावाची जात आहे, पण लोणच्या-जॅमसाठी मी तरी तुमच्या माळावरचीच लावीन.

कुडाळची_माई
आणि कोवळ्या रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी घाल गो, नंतर ती आपली आपण बघतात.