'सोडियम चॅनेल'ला वाहिनी म्हणावे का?

अनुवादक : ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयविकारावरील रुग्णपत्रिकेच्या अनुवादात मी 'सोडियम वाहिनी' असे लिहिले. ती वाचून एका रुग्णाच्या पत्नीने मला विचारले, "यांची वाहिनी तुंबली असेल तर अँजिओप्लास्टी का करत नाहीत? आणि जेवणातले मीठ बंद करू का?" माझ्या एका शब्दाने त्या बाईंचा असा गैरसमज व्हावा, याचे मला फार वाईट वाटले. दुसरा कोणता शब्द सुचवाल?

हृदयरोगतज्ज्ञ : वाहिनी म्हटले की नळीच डोळ्यांपुढे येते. ही मात्र पेशीच्या आवरणातली, प्रथिनाची बनलेली दारे आहेत. ती निमिषभर उघडतात, सोडियमचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि त्यातूनच निलयाच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, पेशीत ठोक्याची लहर उठते. पेद्रो व जोसेप ब्रुगाडा या बंधूंनी १९९२ साली वर्णन केलेल्या या विकारात, विशेषतः उजव्या निलयाच्या वरच्या भागात, आत येणारा हा प्रवाह क्षीण पडतो. त्यामुळे पोटॅशियमचा बाहेर जाणारा प्रवाह वरचढ ठरतो, असे काहींचे मत आहे, तर लहर तेथे रेंगाळते हेच मूळ कारण, असे इतर मानतात. मी 'सोडियमद्वार' म्हणेन. ताप आला की हा दोष उफाळतो, म्हणून 'ताप अंगावर काढू नका' हे वाक्य पत्रिकेत ठळक हवे.

विज्ञानशिक्षिका : द्वार कशासाठी? 'चॅनेल' हा शब्द दहावीच्या मुलालाही कळतो.

भाषाप्रेमी : त्याला चॅनेल म्हणजे दूरदर्शनचे कळते, बाई. आपण शब्द घडवलेच नाहीत तर ते रुळणार कसे?

संगीतशिक्षक : पत्रिकेत 'हृदयाचा लय बिघडतो' असेही छापले आहे, ते आधी सुधारा. ती लय स्त्रीलिंगी. पुल्लिंगी लय म्हणजे विलय, नाश. रुग्णाने ते वाचून काय समजावे?

भाषाप्रेमी : दोन्हींचे मूळ 'ली' या एकाच धातूत आहे, आणि 'निलय'ही त्यातूनच आला.

परिचारिका : वॉर्डात लय कोणीच म्हणत नाही, नातेवाईक 'ठोके बिघडलेत' असेच सांगतात. तेच लिहावे.

हृदयरोगतज्ज्ञ : या विकारात ते चालणार नाही. लय एकाएकी बिघडेपर्यंत नाडी बहुधा अगदी नियमित लागते, ईसीजीची रेषा तेवढी वेगळी दिसते. 'ठोके बिघडलेत' असे वाचणारा माणूस मनगटावर बोट ठेवेल आणि स्वतःला निरोगी समजेल.