नमाजाचे वेळापत्रक आणि खगोलगणित
विश्वाच्या उत्पत्तीविषयीचा महास्फोटाचा (बिग बँग) सिद्धांत कुराणात आधीच सांगितलेला आहे, असे काही जण म्हणतात. या मुद्द्याशी एक श्रद्धावान मुस्लिम म्हणूनच मी असहमत आहे. कारण सिद्धांत नव्या पुराव्यांनी बदलतात आणि आयतीचा (कुराणातल्या वचनाचा) अर्थ त्यांना बांधला, की उद्या श्रद्धेलाच खुलासे देत बसावे लागते. त्यापेक्षा आपल्या कोल्हापुरातल्या मशिदीच्या भिंतीवरचे नमाजाचे वेळापत्रक नीट पाहावे; त्यामागे खगोलगणित आहे. फज्रची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, वेळ सूर्य क्षितिजाखाली साधारण १८ अंशांवर असताना सुरू होते. अस्र, म्हणजे दुपारनंतरचा नमाज, वस्तूच्या सावलीवर ठरतो: मध्यान्हीची सावली वगळून ती वस्तूच्या उंचीच्या दुप्पट झाली की हनफी आणि एकपट झाली की कोकणातले शाफई (हे दोन्ही सुन्नींचे धर्मशास्त्रीय पंथ) अस्र मानतात. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत याच वेळा ठरवण्याच्या कामावर असलेल्या खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिर यांनी चंद्रगतीची जी मांडणी केली, तिच्याशी पुढे कोपर्निकसची मांडणी जवळजवळ तंतोतंत जुळते.

उत्क्रांतीचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. तिथे मला बाराव्या शतकातले तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांची भूमिका पटते: सिद्ध झालेले ज्ञान आणि आयतीचा शब्दशः अर्थ यांत विरोध दिसला, तर अर्थाचा फेरविचार करावा. हे अवघड बोलणे आपण घरातल्या दहावीच्या मुलांशी टाळतो, याचे मला फार वाईट वाटते.