सापेक्षतावाद: ५ की ३.२? हिशोब जुळत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कॉमर्सवाला. दिवसभर लोकांची खाती लिहितो, फिजिक्सशी संबंध दहावीत संपला. मे महिन्यात भाचीने विचारलं, "मामा, खूप वेगात गेलं की वय हळू वाढतं म्हणतात, खरं का?" मी मामाच्या रुबाबात म्हटलं, "वाचून सांगतो." भाची कधीच विसरली. मी अजून अडकलोय.

सुरुवात थेट आइनस्टाइनच्या स्वतःच्या छोट्या पुस्तकाने केली, १९१६ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या. प्रस्तावनेत तो म्हणतो, मॅट्रिकइतकं शिक्षण पुरे. म्हटलं, तेवढं तर आपलं आहे! त्याच वाक्यात पुढे तो बऱ्यापैकी चिकाटी आणि मनोनिग्रहही मागतो, ते घाईत वाचायचं राहिलं. आगगाडी, रुळांचा भराव, दोन ठिकाणी पडणारी वीज, इथवर गाडी बरी चालली. मग समीकरणं आली आणि मी उतरलो.

नंतर भौतिकशास्त्रज्ञ गॅमोचे मिस्टर टॉम्पकिन्स वाचले. त्यांच्या स्वप्नातल्या गावात प्रकाशाचा वेग इतका कमी की सायकलवाला चपटा दिसतो. मजा आली, पण हिशोब कुठेच नाही.

तिसऱ्या एका पुस्तकात प्रकाशाचं घड्याळ भेटलं आणि पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं. एका जुन्या चलनाच्या पाठीवर मांडलं ते असं: डब्याच्या जमिनीवर दिवा, छताला आरसा, उंची ४ प्रकाश-सेकंद, म्हणजे प्रकाश ४ सेकंदांत जातो तेवढं अंतर (असा डबा कोण बांधणार ते विचारू नका). गाडीतल्या बाईंच्या दृष्टीने प्रकाश सरळ वर जातो, ४ सेकंद. गाडीचा वेग प्रकाशाच्या ०.६ पट. फलाटावरून मला तोच प्रकाश तिरका जाताना दिसतो: गाडी सरकली ३, उंची ४, म्हणजे तिरकी वाट ५. पायथागोरस! माझे ५ सेकंद, बाईंचे ४. रात्री साडेबाराला मी एकटाच हसत होतो.

आता घोळ. बाईंच्या मते त्या स्थिर आहेत, मीच उलट्या दिशेने पळतोय. म्हणजे माझं घड्याळ हळू. मग त्यांचे ४ होतात तेव्हा माझे ४ च्या चार पंचमांश, ३.२ व्हायला हवेत. पण मी तर ५ म्हणतोय! एकाच खात्यात दोन शिलका कशा?

हे सगळं नुसतं कागदावरचं नाही, हे पटलंय. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखा, पण जड कण; त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी तेवढ्यात साधारण ६६० मीटरच जाईल. तरी १५ किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीवर सापडतात, म्हणजे त्यांचं घड्याळ खरंच हळू चालतं. तेव्हा चूक माझीच आहे. कुठे, तेवढं सांगा.

शिवाय, फक्त शाळेच्या बीजगणितावर चालणारं, पण हिशोब न टाळणारं एखादं पुस्तक सुचवा. ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवणारी पुस्तकं नकोत. गोळा चादरीत रुततो तो गुरुत्वाकर्षणामुळेच ना? मग गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच कसं वापरता?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

प्रतिसाद १:

चादरीबद्दल +१.

तुमची चूक "तेव्हा" या शब्दात आहे. तुमच्या ५ सेकंदांनंतर गाडी तुमच्यासमोर नाहीये. ती ३ प्रकाश-सेकंद, म्हणजे जवळजवळ ९ लाख किलोमीटर पुढे गेलीय. तिथे घड्याळ घेऊन तुमचा दुसरा माणूस उभा हवा. बाई त्याच्यासमोरून जाताना त्यांचं घड्याळ ४ दाखवतं आणि त्याचं ५. दोघं समोरासमोर आहेत, त्यामुळे यावर वादच नाही.

वाद सुरुवातीचा आहे. तुम्ही म्हणता, माझं आणि त्या माणसाचं घड्याळ एकाच वेळी शून्यावर होतं. बाईंना ते मान्य नाही. विजेचं उदाहरण तुम्ही वाचलंय, तेच हे: भरावावरच्याला एकाच वेळी पडलेल्या दोन विजा गाडीतल्याच्या मते वेगवेगळ्या वेळी पडतात. त्यांच्या हिशोबाने, तुम्ही शून्यावर असताना पुढचं घड्याळ आधीच पुढे होतं. किती? वेग गुणिले अंतर, ०.६ × ३ = १.८ सेकंद. त्यानंतर ते हळू चालून ३.२ च सरकलं. आता बेरीज करा.

पुस्तक: मर्मिन यांचं 'इट्स अबाउट टाइम', २००५ चं. इंग्रजीत आहे, पण गणित शाळेचंच आहे. सायन्सबाहेरच्या विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता तयार झालेलं. हा १.८ चा नियम त्यात सावकाश सिद्ध केलाय. पेन घेऊन बसा.

---

धागाकर्ता:

१.८ + ३.२ = ५!! म्हणजे त्या घड्याळाला ओपनिंग बॅलन्स होता आणि मी शून्य धरून खातं उघडलं. एवढी वर्षं क्लायंटना याच चुकीवरून बोलतोय. भाचीला फोन लावतो.