फक्त जाळ्यांमुळे नाही
वर कोणीतरी लिहिलंय की तारली (समुद्रातला छोटा मासा) कमी झाली ती फक्त बोटी आणि जाळी वाढल्यामुळे, पण एवढंच नाहीये हो. केरळात २०१२ ला जवळपास ४ लाख टन तारली मिळाली आणि २०२१ ला साडेतीन हजार टनसुद्धा नाही, एवढा फरक नुसत्या जाळ्यांनी पडेल असं मला नाही वाटत. पावसाळ्यात खालचं गार पाणी वर येतं त्यामुळे तिचं खाद्य वाढतं, वरचा थर तापला की हे पाणी वर येणंच मंदावतं. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, हे आमच्या जळगावकडच्या शेततळ्यात मे महिन्यात डोळ्यांनी दिसतं, पहाटे कटला मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो, लगेच मोटर लावून वरून पाण्याची धार सोडावी लागते.